अपंगत्व निवृत्तिवेतनाचा दावा: माजी सैनिकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भारतीय भूदल, नौदल आणि हवाई दलातून निवृत्त झालेल्या, तसेच वैद्यकीय कारणावरून सेवामुक्त केलेल्या सैनिकांसाठी आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी ही उत्तरे लिहिली आहेत. बहुतेक उदाहरणे भूदलातील जवान आणि जेसीओ (कनिष्ठ आयुक्त अधिकारी) यांची आहेत. नौदल आणि हवाई दलात कार्यालयांची नावे बदलतात, दाव्याची तत्त्वे मात्र तीच राहतात.

अपंगत्व निवृत्तिवेतन नेमके कोणाला मिळते?

त्यासाठी दोन गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात. पहिली म्हणजे आजार किंवा इजा लष्करी सेवेमुळे उद्भवलेली असावी, किंवा आधीपासून असली तरी सेवेमुळे बळावलेली असावी. दुसरी म्हणजे अपंगत्वाचे प्रमाण 20 टक्के किंवा त्याहून अधिक असावे. दोहोंपैकी एकच अट पूर्ण झाली तर दावा सहसा फेटाळला जातो. व्यवहारात खरा वाद जवळजवळ नेहमीच पहिल्या अटीवर होतो, कारण टक्केवारी वैद्यकीय बोर्डाने स्वतःच लिहिलेली असते, पण आजाराचा सेवेशी संबंध आहे हे मान्य करायला तोच बोर्ड कचरतो.

माझ्या प्रकरणाला कोणते नियम लागू होतात?

आपण सेवेतून बाहेर पडलात त्या तारखेला जे नियम अमलात होते, ते. जुन्या प्रकरणांना 1982 चे पात्रता नियम लागतात, त्यानंतरच्या प्रकरणांना 2008 चे, आणि 21 सप्टेंबर 2023 पासून सेवेतून बाहेर पडलेल्यांना 2023 चे. नव्या नियमांत, सेवाकाळ पूर्ण करून निवृत्त होणाऱ्यांच्या बाबतीत अपंगत्व घटकाऐवजी ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ हे नाव आले आहे आणि जीवनशैलीशी जोडल्या जाणाऱ्या आजारांकडे अधिक कडक नजरेने पाहिले जाते. एखाद्या सहकाऱ्याचा दावा मंजूर झाला म्हणून आपलाही होईल असे गृहीत धरण्यापूर्वी दोघांच्या निवृत्तीच्या तारखा पडताळून पाहाव्यात.

दावा मला स्वतः दाखल करावा लागतो का?

पहिला दावा बहुधा आपोआप सुरू होतो. सेवा संपण्यापूर्वी, लो मेडिकल कॅटेगरीत, म्हणजे आजारामुळे किंवा इजेमुळे खालच्या वैद्यकीय श्रेणीत, असलेल्या प्रत्येकाला रिलीज मेडिकल बोर्डापुढे उभे राहावे लागते. आजारामुळे मुदतीपूर्वी घरी पाठवायचे असेल तर इनव्हॅलिडिंग मेडिकल बोर्ड बसतो. बोर्डाची कागदपत्रे सैनिकांच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसकडे जातात, तेथे पात्रतेचा निर्णय होतो, आणि मंजुरी मिळाल्यास भूदलासाठी प्रयागराज येथील प्रधान लेखा नियंत्रक कार्यालयातून निवृत्तिवेतन आदेश, म्हणजे पीपीओ, निघतो. अधिकाऱ्यांचे दावे रेकॉर्ड ऑफिसऐवजी मुख्यालयाकडून हाताळले जातात. त्यामुळे माजी सैनिकाने स्वतः ‘दावा करणे’ याचा अर्थ बहुतेक वेळा नाकारलेल्या दाव्याविरुद्ध अपील करणे, किंवा कधीच न विचारला गेलेला प्रश्न रेकॉर्ड ऑफिसला विचारणे, असा होतो.

आपले रेकॉर्ड ऑफिस रेजिमेंटवरून किंवा कोअरवरून ठरते: मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला, तोफखान्याचे नाशिक रोड कॅम्पला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला, महार रेजिमेंटचे सागरला. पत्रव्यवहारात सेवा क्रमांक, हुद्दा, नाव, युनिट आणि पीपीओ क्रमांक पहिल्याच ओळीत लिहावा. हे साधे वाटते, पण सेवा क्रमांकाचा एक अंक चुकलेली पत्रे महिनोन्‌महिने फिरत राहतात.

मेडिकल बोर्डाच्या अहवालात नेमके काय पाहावे?

बोर्डाचा अहवाल एएफएमएसएफ-16 या नमुन्यात असतो, आणि संपूर्ण प्रकरणाचा पाया हाच कागद आहे. पुष्कळ माजी सैनिक आपल्याला किती त्रास होतो हे सांगणारी पाने अपिलात लिहितात, पण दाव्याचा निकाल या नमुन्यातील काही थोड्या रकान्यांवर लागतो, म्हणून प्रथम ते रकाने वाचावेत.

प्रत्येक आजारासमोर आधी निदान, तो कधी आणि कुठे सुरू झाला, आणि त्या वेळी सैनिक कोणत्या ठिकाणी तैनात होता, ही माहिती असते. पुढे तो सेवेमुळे उद्भवला का, सेवेमुळे बळावला का, भरतीपूर्वी अस्तित्वात होता का, या प्रश्नांची ‘होय’ किंवा ‘नाही’ अशी उत्तरे आणि त्यांची कारणे असतात. शेवटी टक्केवारी आणि ती किती काळासाठी, हे असते. त्याच्याच शेजारी ‘निवृत्तिवेतनासाठी पात्र निव्वळ टक्केवारी’ असा एक रकाना असतो, आणि अनेकांची फसगत तेथेच होते. ‘आजार 30 टक्के, आजीवन’ असे लिहिलेले पाहून सैनिक निर्धास्त होतो, पण शेजारच्या रकान्यात ‘निरंक’ असते, कारण आजार सेवेशी संबंधित नाही असे वरच्या रकान्यात लिहिलेले असते. त्या ‘नाही’चे कारण काय दिले आहे, हा आपल्या अपिलाचा मुख्य विषय असायला हवा.

कारणाच्या जागी अनेकदा ‘शांतता क्षेत्रात सुरुवात’ (म्हणजे सीमेवर किंवा मोहिमेत नसताना), ‘घटनात्मक आजार’ (म्हणजे शरीराच्या मूळ प्रकृतीतूनच आलेला) किंवा ‘लष्करी सेवेशी संबंध नाही’ एवढीच एक ओळ असते. इतके त्रोटक कारण आपल्याच बाजूचे असते.

माझ्याकडे बोर्डाचे कागदच नाहीत. काय करावे?

रेकॉर्ड ऑफिसच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करावा. अर्जात ‘माझी सर्व कागदपत्रे द्या’ असे लिहू नये. त्याने उत्तर लांबते. बोर्डाची संपूर्ण कार्यवाही, सर्व मेडिकल केस शीट, कॅटेगरी बदलल्याच्या नोंदी, इजा असल्यास आयएएफवाय-2006 हा इजा अहवाल, कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली असल्यास तिचे निष्कर्ष, आणि दावा नाकारल्याचे पत्र, अशी नावे घेऊन प्रती मागाव्यात. भरतीच्या वेळच्या वैद्यकीय तपासणीची प्रतही आवर्जून मागावी, कारण त्या दिवशी आपण पूर्ण तंदुरुस्त होता, हे दाखवणारा तो एकमेव सरकारी कागद असतो. माहिती देण्याची सामान्य मुदत 30 दिवसांची आहे.

यात एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. पुरावा देण्याची जबाबदारी सामान्यतः सैनिकावर नसते; परंतु 2008 च्या नियमांनुसार, सेवेतून बाहेर पडून 15 वर्षे उलटल्यानंतर, जुनी कागदपत्रे ठरलेल्या मुदतीनंतर नष्ट झालेली असताना दावा केला, तर पात्रता सिद्ध करण्याचा भार दावेदारावर येतो. म्हणून दावा लढवायचा की नाही हे अजून ठरले नसले, तरी कागद आजच मागवून ठेवावेत.

रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार हे आजार ‘सेवेमुळे नाहीत’ म्हणून फेटाळले गेले. यात काही अर्थ उरतो का?

पुष्कळ उरतो. या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाचा धरमवीर सिंह विरुद्ध भारत सरकार हा 2013 चा निकाल प्रत्येक माजी सैनिकाने निदान ऐकून तरी ठेवावा. सिग्नल कोअरमधील एका जवानाला अपस्माराच्या झटक्यांमुळे 20 टक्के अपंगत्व ठरवून घरी पाठवले गेले आणि आजार सेवेशी संबंधित नाही असे सांगून निवृत्तिवेतन नाकारले गेले. न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. भरतीच्या वेळी सैनिकाच्या वैद्यकीय नोंदीत एखादा आजार लिहिलेला नसेल, तर तो भरतीसमयी तंदुरुस्त होता असे गृहीत धरायचे आणि नंतर त्याच्या प्रकृतीत झालेला बिघाड सेवेमुळे झाला असे मानायचे. आजार भरतीच्या तपासणीत ओळखणे शक्य नव्हते असे बोर्डाचे मत असेल, तर त्याने त्याची कारणे लिहून द्यायची. आणि शंका राहिल्यास तिचा फायदा सैनिकाला द्यायचा, असा त्या निकालाचा गाभा आहे.

याचा अर्थ प्रत्येक रक्तदाब किंवा मधुमेह आपोआप मान्य होतो असा नाही. सेवेत येऊन दोन-तीन वर्षांतच आजार निघाला, तो आनुवंशिक आहे असे बोर्डाने सकारण लिहिले, किंवा वजनाबद्दल आणि व्यसनाबद्दल लेखी ताकीद दिल्याच्या नोंदी असल्या, तर प्रकरण अवघड होते. उलट, आजार पंधरा-वीस वर्षांच्या सेवेनंतर उघड झाला असेल आणि त्याआधी अतिउंचीवर, सीमेवर किंवा दहशतवादविरोधी मोहिमेत तैनाती झाली असेल, तर त्या तैनातींची तारीखवार यादी अपिलाला जोडावी. हृदयविकाराच्या बाबतीत झटक्यापूर्वीच्या 14 दिवसांतील कामाचा तपशील तपासण्याची तरतूद वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या मार्गदर्शिकेतच आहे. बोर्डाने तो तपशील मागवलाच नव्हता, असे अनेक प्रकरणांत दिसते, आणि अपिलात हा मुद्दा वजनदार ठरतो.

तोफखान्यातील ऐकू न येण्याची प्रकरणे याहून सरळ असतात, पण तेथेही कागद लागतोच. फायरिंग रेंजवर काढलेली वर्षे, कानाच्या तपासणीचे आलेख, आणि सेवेच्या सुरुवातीचा सामान्य आलेख, या तीन गोष्टी एकत्र ठेवल्या की कारण आणि परिणाम कोणालाही समजावून सांगावे लागत नाहीत.

रजेवर असताना अपघात झाला. तो सेवेतील धरतात का?

रजेवर जाताना किंवा रजेवरून परतताना, ड्युटीच्या ठिकाणापासून घरापर्यंतच्या प्रवासात झालेला अपघात सामान्यतः सेवेतील धरला जातो, आणि प्रवास स्वतःच्या खर्चाने केला होता एवढ्या कारणावरून तो नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये मदन सिंह शेखावत यांच्या प्रकरणात सांगितले आहे. घरी पोचल्यानंतर शेतात, लग्नात किंवा बाजारात जाताना झालेल्या अपघाताचे मात्र तसे नाही. रजेचा काळ सेवेत मोजला जातो हे खरे असले, तरी इजेचा लष्करी सेवेशी काही ना काही कार्यकारण संबंध दाखवावा लागतो, आणि असा संबंध नसलेली प्रकरणे न्यायालयांनी फेटाळली आहेत. अशा दाव्यात फार आशा लावून घेऊ नये.

माझे अपंगत्व 20 टक्क्यांपेक्षा कमी लिहिले आहे.

सेवाकाळ पूर्ण करून निवृत्त झाला असाल तर ही अट आडवी येते. परंतु सेनेनेच आपल्याला आजारपणामुळे मुदतीपूर्वी घरी पाठवले असेल, तर परिस्थिती वेगळी आहे. सुखविंदर सिंह यांच्या 2014 च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले की, ज्या अपंगत्वामुळे सैनिकाची नोकरीच गेली, ते 20 टक्क्यांहून अधिक आहे असेच मानावे लागेल. ‘15 टक्के’ लिहून बोर्ड आऊट झालेल्यांनी, म्हणजे वैद्यकीय बोर्डाच्या निर्णयाने मुदतीपूर्वी घरी पाठवलेल्यांनी, हा निकाल अपिलात नमूद करावा.

रक्कम कशी काढतात, आणि ‘ब्रॉड बँडिंग’ म्हणजे काय?

अपंगत्व निवृत्तिवेतनाचे दोन भाग असतात. सेवा घटक सेवेच्या कालावधीशी आणि वेतनाशी जोडलेला असतो. सामान्य निवृत्तांना तो नेहमीच्या निवृत्तिवेतनाच्या रूपाने मिळतच असतो. दुसरा भाग अपंगत्व घटक. 100 टक्के अपंगत्वासाठी तो अखेरच्या हिशोबी वेतनाच्या 30 टक्के असतो, आणि अपंगत्व कमी असेल तर त्याच प्रमाणात कमी होतो.

एक हिशोब पाहू. अखेरचे मूळ वेतन आणि जवानांना व जेसीओंना मिळणारे 5,200 रुपयांचे लष्करी सेवा वेतन मिळून 44,000 रुपये होतात असे धरा. 100 टक्क्यांचा अपंगत्व घटक 13,200 रुपये झाला. अपंगत्व 40 टक्के असेल तर 5,280 रुपये. आता ब्रॉड बँडिंग लावले, म्हणजे टक्केवारी वरच्या टप्प्यावर नेली, तर 50 पेक्षा कमी असलेली टक्केवारी 50 धरली जाते, 50 ते 75 मधील 75, आणि 76 ते 100 मधील 100. मग तोच घटक 6,600 रुपये होतो, आणि त्यावर महागाई सवलत वेगळी मिळते.

ही सोय 1 जानेवारी 1996 पासून प्रथम केवळ बोर्ड आऊट झालेल्यांना होती. सेवाकाळ पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही ती मिळाली पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने 10 डिसेंबर 2014 रोजी राम अवतार प्रकरणात स्पष्ट केले. तरीही जुन्या पीपीओंवर आजही 20, 30 किंवा 40 टक्के असेच आकडे सापडतात. आपल्या पीपीओवरील टक्केवारीचा रकाना स्वतः पाहावा. बँकेत जमा होणाऱ्या एकूण रकमेवरून ही गोष्ट कधीच कळत नाही. 2023 च्या नियमांखाली निवृत्त झालेल्यांनी आपला आकडा त्या नियमांप्रमाणेच तपासावा.

एकाहून अधिक आजार असतील तर टक्केवारी बेरजेने काढतात का?

नाही. बोर्ड एकत्रित टक्केवारी ठरवतो आणि ती साध्या बेरजेपेक्षा सहसा कमी असते. शिवाय त्यातील एखादाच आजार सेवेशी संबंधित मानला गेला असेल, तर हिशोबात तेवढाच धरला जातो.

लढाईत झालेल्या जखमेचे नियम वेगळे आहेत का?

होय, आणि फरक मोठा आहे. संरक्षण मंत्रालयाच्या 31 जानेवारी 2001 च्या आदेशाने मृत्यू आणि अपंगत्वाच्या कारणांचे ए ते ई असे वर्ग पाडले. सेवेमुळे झालेले आजार आणि ड्युटीवरील अपघात बी आणि सी वर्गांत येतात. शत्रूच्या कारवाईत किंवा अधिसूचित लष्करी मोहिमेत झालेली इजा ई वर्गात येते, आणि तिला युद्ध इजा निवृत्तिवेतन लागू होते. बोर्ड आऊट झालेल्या सैनिकाला 100 टक्के अपंगत्वासाठी युद्ध इजा घटक अखेरच्या वेतनाइतका असतो, तर सेवाकाळ पूर्ण करून निवृत्त होणाऱ्याला वेतनाच्या 60 टक्के. वरच्याच उदाहरणातील 44,000 रुपये वेतनाच्या जवानाचे ब्रॉड बँडिंगनंतरचे 50 टक्के अपंगत्व लढाईतील असेल, तर निवृत्तीनंतर युद्ध इजा घटक 13,200 रुपये होतो, जेथे साध्या अपंगत्व घटकाने 6,600 मिळाले असते.

म्हणून आपली इजा ‘बॅटल कॅज्युअल्टी’ म्हणून नोंदली गेली आहे की ‘फिजिकल कॅज्युअल्टी’ म्हणून, हे पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे सेवेतील घटनांची अधिकृत नोंद करणाऱ्या आदेशात, पाहावे. गस्तीवर सुरुंगाने पाय गेला, पण युनिटने घाईत साधा अपघात म्हणून नोंद पाठवली, अशी प्रकरणे होतात. ती नोंद दुरुस्त झाल्याशिवाय पुढचे कोणतेही कार्यालय वेगळा निर्णय घेत नाही.

मी स्वतःच्या विनंतीवरून सेवा सोडली. माझा हक्क गेला का?

पूर्वी तसे सांगितले जाई. 29 सप्टेंबर 2009 च्या आदेशाने 1 जानेवारी 2006 रोजी किंवा त्यानंतर स्वेच्छेने सेवा सोडलेल्यांनाही अपंगत्व घटक देय झाला. त्याआधी बाहेर पडलेल्यांना हा लाभ सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडून मिळवावा लागला आहे.

जिल्हा रुग्णालयाने मला 60 टक्के दिव्यांग प्रमाणपत्र दिले आहे. ते चालेल का?

निवृत्तिवेतनासाठी नाही. ते प्रमाणपत्र 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याखालील सवलतींसाठी आहे आणि त्याचे मोजमाप वेगळे आहे. अपंगत्व निवृत्तिवेतनाला सेनेच्या वैद्यकीय बोर्डाचीच टक्केवारी लागते. निवृत्तीनंतर प्रकृती ढासळल्याचा पुरावा म्हणून ते जोडायला हरकत नाही, एवढाच त्याचा उपयोग. याच संदर्भात लक्षात ठेवण्यासारखे म्हणजे, 7 फेब्रुवारी 2001 च्या आदेशानंतर कायम स्वरूपाच्या अपंगत्वासाठी वारंवार फेरतपासणी करण्याची पद्धत बंद झाली आहे. बोर्डाने आजीवन म्हणून लिहिलेली टक्केवारी कोणी अधूनमधून बोलावून कमी करू शकत नाही. आपले अपंगत्व खरोखर वाढले असेल तर फेरमूल्यांकनाची विनंती रेकॉर्ड ऑफिसकडे करता येते.

बोर्डाने आजार सेवेशी संबंधित मानला, पण वरच्या कार्यालयाने तो नाकारला. असे करता येते का?

जुन्या काळात लेखा कार्यालयातील वैद्यकीय सल्लागार, रुग्णाला न पाहताच, बोर्डाची टक्केवारी खोडून कमी करत किंवा शून्यावर आणत. सॅपर मोहिंदर सिंह यांच्या 1993 च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत अमान्य केली. ज्यांच्या जुन्या नकारपत्रात अशी वरून केलेली कपात दिसते, त्यांचे प्रकरण माझ्या मते सर्वांत भक्कम असते. वय झाले म्हणून त्यांनी ते सोडून देऊ नये.

दावा नाकारला गेल्यावर अपील कसे करावे?

नकारपत्र मिळाल्यापासून सहा महिन्यांत पहिले अपील रेकॉर्ड ऑफिसमार्फत करावे. ते पहिल्या अपील समितीपुढे जाते. तेथेही नकार मिळाल्यास पुन्हा सहा महिन्यांत दुसऱ्या अपील समितीकडे जाता येते. मुदत उलटली असेल तरी विलंबाचे कारण लिहून अपील पाठवावे.

अपील दोन पानांत बसावे. पहिल्या परिच्छेदात भरती, निवृत्ती, आजार आणि टक्केवारी. दुसऱ्यात नकाराचे कारण जसेच्या तसे. तिसऱ्यात ते कारण का चुकीचे आहे, तैनातीच्या तारखांसह. शेवटी लागू असलेला निकाल आणि मागणी. ‘मी देशासाठी आयुष्य वेचले’ हे खरेच असते, पण समिती त्यावर निर्णय देऊ शकत नाही. पत्र स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपावी, कारण पुढे न्यायाधिकरणात पहिला प्रश्न तिचाच येतो.

सशस्त्र दल न्यायाधिकरणात कधी जावे?

2007 च्या कायद्याने स्थापन झालेले हे न्यायाधिकरण 2009 पासून काम करते, आणि महाराष्ट्र, गुजरात व गोव्यातील माजी सैनिकांसाठी त्याचे खंडपीठ मुंबईत आहे. आधी खात्यातील अपील करून पाहावे लागते, पण अपिलावर सहा महिन्यांत निर्णय आला नाही तर थेट अर्ज करता येतो. बोर्डाच्या अहवालाची प्रत, नकारपत्र, अपिलाची प्रत आणि पावती एवढी कागदपत्रे हातात असली की वकिलाचे निम्मे काम झालेले असते. न्यायाधिकरणाचा निकाल विरुद्ध गेला तर उच्च न्यायालयात रिट याचिकेचा मार्ग खुला आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये परशोतम दास प्रकरणात मान्य केले आहे.

निवृत्त होऊन वीस वर्षे झाली. आता उशीर झाला का?

हक्क बुडत नाही, पैसे बुडतात. निवृत्तिवेतन दरमहा देय असल्यामुळे ते नाकारणे हा दरमहा चालू राहणारा अन्याय धरला जातो, म्हणून उशिरा आलेला अर्जही ऐकला जातो. परंतु तरसेम सिंह यांच्या 2008 च्या निकालानुसार थकबाकी सामान्यतः अर्ज करण्यापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. विचार करण्यात घालवलेला प्रत्येक महिना मागच्या टोकाचा एक महिना कापत जातो.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी आजार निघाला तर?

सेवेतून बाहेर पडल्यावर 7 वर्षांच्या आत उद्भवलेला आजार, त्याची सुरुवात सेवेतील परिस्थितीमुळे झाली होती आणि तो फक्त उशिरा प्रकट झाला, असे वैद्यकीयदृष्ट्या दाखवता आले तर मान्य होऊ शकतो. यासाठी तज्ज्ञ डॉक्टरांचे सविस्तर मत लागते; केवळ निदानाचा कागद पुरत नाही.

आजार सेवेशी संबंधित नाही हे मलाही मान्य आहे, पण नोकरी गेली. काहीच मिळणार नाही का?

अशा वेळी इनव्हॅलिड पेन्शनचा विचार करावा. तिला आजाराचा सेवेशी संबंध लागत नाही. पूर्वी किमान 10 वर्षांच्या सेवेची अट होती आणि त्याहून कमी सेवा असलेल्यांना फक्त ग्रॅच्युइटी मिळे. जुलै 2020 च्या आदेशाने, 4 जानेवारी 2019 रोजी किंवा त्यानंतर सेवेत असलेल्यांसाठी ती अट काढून टाकली आहे.

अग्निवीरांना अपंगत्व निवृत्तिवेतन मिळते का?

मिळत नाही, 2022 पासूनच्या अग्निपथ योजनेत निवृत्तिवेतनाची तरतूद नाही. सेवेमुळे अपंगत्व आल्यास प्रमाणानुसार 44 लाख, 25 लाख किंवा 15 लाख रुपये सानुग्रह रक्कम अनुक्रमे 100, 75 आणि 50 टक्क्यांसाठी मिळते, शिवाय चार वर्षांच्या उरलेल्या काळाचे वेतन आणि सेवा निधी मिळतो. येथेही ‘सेवेमुळे’ हा प्रश्न बोर्डापुढे तसाच उभा राहतो, म्हणून इजा अहवाल वेळेवर भरून घेण्याची काळजी अग्निवीरांनी इतरांपेक्षा जास्त घ्यावी.

या रकमेवर आयकर लागतो का?

अपंगत्वामुळे बोर्ड आऊट झालेल्यांच्या निवृत्तिवेतनाला करातून सूट आहे. सेवाकाळ पूर्ण करून निवृत्त झालेल्यांना ती सूट नाही, असे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या जून 2019 च्या परिपत्रकाने म्हटले आणि तो वाद न्यायालयात गेला. विवरणपत्र भरताना करसल्लागाराला पीपीओ दाखवून आपल्या निवृत्तीचा प्रकार नेमका सांगावा.

‘थकबाकीचा हिस्सा द्या, सगळे करून देतो’ असे सांगणाऱ्या मध्यस्थाकडे जावे का?

माझे स्पष्ट मत आहे की जाऊ नये. असा माणूस जे कागद मिळवतो, ते माहिती अधिकारातून आपल्यालाही मिळतात, आणि अपिलाला कोणतेही शुल्क नाही. आपला ‘स्पर्श’ या निवृत्तिवेतनाच्या ऑनलाइन पोर्टलचा पासवर्ड किंवा ओटीपी तर कोणालाच देऊ नये. मदत हवी असल्यास जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे. पत्राचा मसुदा, पीपीओ वाचून घेणे, स्पर्शवर तक्रार नोंदवणे ही कामे तेथे विनामूल्य होतात.

वडील दाव्याचा निकाल लागण्यापूर्वीच वारले. आईला काही करता येईल का?

येईल. अपंगत्व घटक सैनिकाच्या मृत्यूबरोबर थांबतो, पण मृत्यूच्या दिवसापर्यंतची देय थकबाकी वारसांना मिळू शकते, आणि चालू असलेले अपील किंवा अर्ज पत्नीला पुढे चालवता येतो. मृत्यू त्याच मान्य झालेल्या आजारामुळे झाला असेल, तर साध्याऐवजी विशेष कुटुंब निवृत्तिवेतनाची मागणीही करावी. त्यासाठी मृत्यूच्या कारणाचा वैद्यकीय दाखला आणि अखेरच्या उपचारांचे कागद लागतात. आईचे नाव आणि जन्मतारीख डिस्चार्ज बुक, पीपीओ आणि आधार कार्ड यांवर एकसारखी आहे का, हे आधी तपासावे. नावात एका अक्षराचा फरक असला तरी तो पार्ट टू ऑर्डरने दुरुस्त होईपर्यंत रक्कम अडकून राहते.